लीलंड ओसेनचा हात

आल्विक गावाचा शर्ट अंगात घालून जो कोणी एकदा तरी बेसबॉलच्या मैदानात उतरला, त्याचं कार्ड निघणार, हा व्हर्लिन टॉस्टरूडचा नियम होता. मग तो वीस वर्षं खेळलेला असो, नाहीतर कुणाचा घोटा मुरगळला म्हणून प्रेक्षकांतून ओढून आणून अर्धा तास उभा केलेला असो. हा नियम त्याला कुणी घालून दिला नव्हता. त्याचा त्यानेच केला होता, आणि म्हणून तो मोडायची सोय नव्हती.

व्हर्लिन एकाहत्तर वर्षांचा. जिल्ह्याच्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवण्यात त्याची अडतीस वर्षं गेली. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांबलचक पातं असलेलं यंत्र. ते सावकाश पुढे जातं आणि खड्डे, उंचवटे, चाकोऱ्या सारं एकसारखं करत जातं. घाई केली की पातं उड्या मारतं आणि रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठतात. म्हणून व्हर्लिनने आयुष्यात कशाची घाई केली नाही. बोलतानासुद्धा एक शब्द ठेवायचा, तो नीट बसला का ते बघायचा, मग पुढचा.

लहानपणी गावच्या दुकानात च्युइंगगमच्या पाकिटातून कार्डं निघायची. समोर मोठ्या शहरातल्या एखाद्या खेळाडूचा फोटो. मागे बारीक अक्षरात त्याची उंची, वजन, कुठल्या हाताने फेकतो, किती सामने खेळला, आणि शेवटी एखादी गमतीची ओळ. व्हर्लिनने अशी शेकडो जमवली. त्यात आल्विकचा माणूस एकही नव्हता. दर रविवारी दुपारी आपल्या डोळ्यांसमोर धावणारी, धुळीत लोळणारी, पंचाशी हुज्जत घालणारी माणसं पाकिटातून का निघत नाहीत, हे आठ वर्षांच्या पोराला काही केल्या कळेना. पाकिटं भरणाऱ्यांची काहीतरी चूक होत असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

ती चूक दुरुस्त करायला अठ्ठेचाळिसावं वर्ष उजाडलं. त्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून पाय मोडला आणि तीन महिने खुर्चीला खिळून बसावं लागलं. आर्डिस, म्हणजे त्याची बायको, जाड कागद, कात्री आणि डिंक त्याच्या मांडीवर टाकत म्हणाली, "काहीतरी कर बाबा. तुझी कुरकुर ऐकून मी दुसराही पाय मोडीन."

पहिलं कार्ड निघालं ते ड्वेन कुबिचेकचं. ड्वेन गावचा जुना कॅचर, फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून पिचरने टाकलेले चेंडू झेलणारा, आणि व्हर्लिनचा शाळेपासूनचा दोस्त. मग दुसरं निघालं, तिसरं निघालं. पाय बरा झाला तरी कार्डं थांबली नाहीत. पुढे संगणक आला, प्रिंटर आला, पण कापणी मात्र हातानेच. पोलादी पट्टी लावून, धारदार पात्याने, एका दमात. दोनदा पातं फिरवलेलं कार्ड तो फेकून द्यायचा.

व्हर्लिन आधी कार्डाची मागची बाजू करायचा. "चेहरा काय, कुणाचाही असतो," तो म्हणायचा, "माणूस मागे असतो." आर्डिसने चाळीस वर्षं गावाच्या सामन्यांच्या वह्या लिहिल्या होत्या, आकडे त्यातून यायचे. शेवटची ओळ तो स्वतः चार-चार दिवस घोळवायचा. 'याच्या शेतातली कलिंगडं गावात सर्वांच्या आधी पिकतात.' 'लग्नाच्या दिवशी पाच डाव खेळून मग चर्चमध्ये गेला.' ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, गावातला हंगामाचा शेवटचा सामना झाला की तो नवी कार्डं वाटायचा, आणि आर्डिस रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या. मोठमोठे बाप्ये, हात चड्डीला पुसून, दोन बोटांनी कडेला धरून आपलं कार्ड घ्यायचे. प्रत्येकाची एक प्रत गावच्या वाचनालयात काचेच्या पेटीत लागायची. चारशे बारा कार्डं झाली होती. त्यात एकही चूक नाही, हे व्हर्लिन कुणाला सांगत नसे, पण चालताना ते दिसायचं.

जूनमध्ये एका दुपारी त्याच्या दारात एक अनोळखी बाई उभी राहिली. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, अंगावर लांबच्या प्रवासाने चुरगळलेला सदरा.

"व्हर्लिन टॉस्टरूड तुम्हीच का? मी कोराली. लीलंड ओसेनची मुलगी."

व्हर्लिन थांबला. लीलंड ओसेन. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात पाच सामने. कुठून तरी पश्चिमेकडून आलेला शेतावरचा गडी, पिचर. त्याच वर्षी ऑक्टोबरात रेल्वेच्या फाटकावर गाडीखाली गेला. बायको सात महिन्यांचं मूल घेऊन महिन्याभरात गाव सोडून गेली. व्हर्लिन त्या उन्हाळ्यात उत्तरेकडे महामार्गाच्या कामावर होता, त्यामुळे लीलंडला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्याकडे लीलंड होता तो एका फोटोपुरता आणि वहीतल्या पाच पानांपुरता.

"आत या," तो म्हणाला. "आर्डिस, कॉफी."

कोराली वडिलांची कबर बघायला म्हणून वाकडी वाट करून आली होती. वाचनालयातल्या बाईने तिला काचेची पेटी दाखवली होती.

"आमच्या घरात त्यांचा एकच फोटो होता, लग्नातला. त्यात ते घाबरलेले दिसतात," ती म्हणाली. "इथे हसतायत. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं हो." तिने आपला डावा हात टेबलावर उताणा ठेवला, बाजारात वस्तू दाखवावी तसा. "आणि हे. चेंडू डाव्या हातात आहे. मागेही लिहिलंय तुम्ही, डावखुरा म्हणून."

"हो," व्हर्लिन म्हणाला.

"आमच्याकडे माझ्याशिवाय कुणीच डावखुरं नाही. आईचं माहेर नाही, सावत्र बाबा नाहीत, भावंडं नाहीत. मी लहानपणी डाव्या हाताने जेवायला लागले की आई येऊन चमचा उजव्या हातात द्यायची. रागावायची नाही, एक शब्द बोलायची नाही. चमचा बदलायची आणि स्वयंपाकघरातून निघून जायची. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी वाईट आहे, जे तिला बघवत नाही." तिने नाक पुसलं आणि हसली. "आज कळलं. तिला माझ्यात ते दिसायचे."

आर्डिसने तिच्यापुढे वड्यांची बशी सरकवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. आल्विकमध्ये परक्या माणसाच्या पाठीवरून कुणी सहजासहजी हात फिरवत नाही.

कोरालीने दोन कार्डं मागितली, एक तिच्यासाठी आणि एक तिच्या लेकीसाठी. ऑगस्टच्या शेवटच्या सामन्याला येऊन घेऊन जाईन म्हणाली. जाताना तिने आपला फोन नंबर लिहून दिला, मनगट आत वळवून, शाई तळहाताने फासत. व्हर्लिन त्या फासलेल्या शाईकडे बराच वेळ बघत बसला. बरं वाटत होतं त्याला. अकरा वर्षं काचेत पडून राहिलेलं एक कार्ड आज कुणाच्या तरी कामी आलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या वर्षाच्या संघाचं पान अल्बममधून काढलं. एका पानात नऊ कार्डं बसतात, तीन आडव्या ओळी, तीन उभ्या रांगा. व्हर्लिनची एक खास रीत होती, आणि तिचा त्याला अभिमान होता. पानावरचे सगळे चेहरे आतल्या बाजूला बघणारे हवेत. डावीकडच्या रांगेतले उजवीकडे बघणार, उजवीकडच्या रांगेतले डावीकडे. "एका घरातली माणसं आहेत," तो म्हणायचा, "एकमेकांकडे बघतील की दाराबाहेर?"

तो पान हातात धरून समाधानाने बघत होता, आणि त्याची नजर ड्वेनवर अडकली.

ड्वेन उकिडवा बसलेला, छातीवर चिलखत. कॅचरचा जाडजूड ग्लोव्ह उजव्या हातात.

व्हर्लिनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ग्लोव्ह उजव्याच हातात होता. कॅचर ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, कारण फेकायला उजवा मोकळा लागतो. डावखुरा कॅचर आल्विकने कधी पाहिला नव्हता, आणि ड्वेन तर डाव्या हाताने दाराची कडीसुद्धा लावत नसे.

मग हळूहळू त्याला आठवलं. अकरा वर्षांपूर्वी त्या संघाचं पान संगणकावर केलं, तेव्हा ड्वेनचं जुनं कार्डही नव्याने काढलं होतं. चेहरा बाहेर बघत असला की तो संगणकावर एक बटण दाबून फोटो आरशासारखा उलटवायचा. कुणाच्या लक्षात येत नसे, कारण त्या काळच्या आल्विकच्या शर्टावर पुढे फक्त एकच अक्षर असायचं, इंग्रजी ए. ए आरशातही ए म्हणूनच राहतो. शेजारच्या गावाच्या छातीवर आर होता. तिथे असलं काही जमलं नसतं. शर्टाला गुंड्या नव्हत्या, मधोमध चेन. आकडा पाठीवर. आल्विकचा माणूस पुढून कसाही उलटवा, तो आल्विकचाच राहायचा.

लीलंडचं कार्ड उजव्या रांगेत होतं. तो डावीकडे बघत होता. आतल्या बाजूला.

"आर्डिस," व्हर्लिनने हाक मारली. आवाज असा आला की आर्डिस पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"लीलंडला मी उलटवला होता का?"

"कुणाला काय?"

त्याने सगळं सांगितलं. सांगायला वीस मिनिटं लागली. आर्डिस ऐकून म्हणाली, "मग मूळ फोटो बघ की."

"तो शाळेतल्या मास्तरांच्या खोक्यात होता. त्यांच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा त्याचा लगदा झाला."

"संगणकात?"

"तो जुना संगणक भंगारात गेला."

"पण मागे तर तू डावखुरा लिहिलंयस. बघूनच लिहिलं असशील ना?"

व्हर्लिनने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. "बघूनच लिहिलं," तो म्हणाला. "पण काय बघून? हेच कार्ड बघून लिहिलं असणार. वहीत हात लिहीत नाहीत."

जो माणूस आधी मागची बाजू करायचा, त्याने या एका कार्डाची मागची बाजू पुढची बघून केली होती. असं का केलं, हेही आठवेना. बहुधा हंगाम संपत आला होता आणि त्याने घाई केली होती.

"तू तर तिथे होतीस," तो आर्डिसला म्हणाला. "पाचही सामने तू लिहिलेस. त्याने टाकलेला एकेक चेंडू लिहिलास."

"लिहिला ना. म्हणूनच बघितला नाही. माझी मान वहीत. माणसाकडे बघायचं की पेन्सिलीकडे?"

"काहीच आठवत नाही?"

"त्याचे कान आठवतात," आर्डिस विचार करून म्हणाली. "केवढे मोठे कान होते त्याचे."

व्हर्लिनने भिंग घेतलं आणि कार्डावर वाकला. पाठीमागे नुसतं मक्याचं शेत. मक्याला डावं-उजवं नसतं. सावली होती, पण सकाळची की संध्याकाळची? मग त्याला पट्टा दिसला, आणि तो आनंदाने ओरडला. पट्ट्याचं टोक लीलंडच्या उजव्या बाजूला गेलं होतं!

"म्हणजे उलटवला मी! आपण पट्टा असा डावीकडे नेतो."

"आपण म्हणजे उजव्या हाताची माणसं," आर्डिस म्हणाली. "डावखुरा कसा घालतो?"

व्हर्लिनने आपल्या पट्ट्याला हात लावून बघितला. "उजवीकडे नेत असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही." त्याने भिंग खाली ठेवलं. उजव्या हाताचा माणूस आरशात धरला की तो पायापासून टोपीपर्यंत डावखुरा होतो. त्याचा काही कोपरा खरा राहून गेलाय, असं होत नाही.

मग वह्या. त्या उन्हाळ्याची वही काढून व्हर्लिन तीन दिवस पाच पानांवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला सापडलं की लीलंडने तीन गड्यांना पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावर, फसवून बाद केलं होतं. तिथला गडी थांबा सोडून पुढे सरकला की पिचर झटकन तिकडे चेंडू फेकतो. डावखुऱ्याला ते सोपं, कारण उभा राहिला की त्याचं तोंडच पहिल्या बेसकडे. पाच सामन्यांत तीन! उजव्या हाताच्या पिचरला हंगामात तीन जमत नाहीत. व्हर्लिन शीळ घालत मागच्या अंगणात जाऊन आला.

तिसऱ्या दिवशी त्याला सापडलं की चौथ्या सामन्यात दोन डाव लीलंड तिसऱ्या बेसवर उभा होता. डावखुऱ्याला तिसऱ्या बेसवर कुणी उभा करत नाही. तिथून चेंडू उचलून फेकायचा तर त्याला अख्खं अंग फिरवावं लागतं. तोवर पळणारा पोचतोसुद्धा.

"म्हणजे उजवा," व्हर्लिन म्हणाला.

"त्या दिवशी आपली नऊच माणसं होती," आर्डिस म्हणाली. "गवत कापणी चालू होती. त्या दिवशी गाय आली असती तर तिलाही उभी केली असती."

त्या संघातला जिवंत माणूस एकच उरला होता, ड्वेन. तो आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात राहायचा. व्हर्लिन गेला तेव्हा ड्वेन खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून गारठलेली कॉफी ढवळत होता. त्याच्या डोक्याशी भिंतीवर त्याचं कार्ड चौकटीत लावलेलं होतं.

"ड्वेन, हे कार्ड नीट बघ. काही चुकलंय?"

"काय चुकणार? राजबिंडा दिसतोय मी."

"ग्लोव्ह कुठल्या हातात आहे?"

ड्वेनने खुर्ची वळवली, बघितलं, परत बघितलं. मग खोकला येईपर्यंत हसला. "अरे लेका! अकरा वर्षं मी विचार करतोय, बाकीच्या फोटोत मी माकड दिसतो आणि यात एवढा बरा कसा. आरशात दिसतो तसा दिसतोय! राहू दे, हात लावू नकोस त्याला."

"लीलंड ओसेन आठवतो?"

"न आठवायला काय झालं? त्याचे चेंडू झेलून अंगठा सुजायचा माझा."

"कुठल्या हाताने टाकायचा?"

"डाव्या," ड्वेन ताबडतोब म्हणाला. "शंभर टक्के डाव्या. त्याचा चेंडू असा बाहेरून आत यायचा, सापासारखा. पावसात एकदा तो टाकताना घसरून पडला, तरी चेंडू बरोबर आला माझ्या हातात. जर्मन शेतकऱ्याचा पोरगा, लाल केसांचा."

"लीलंड लाल केसांचा नव्हता. जर्मनही नव्हता."

ड्वेनचा चमचा थांबला. "मग तो कोण?"

"मला काय ठाऊक?"

"पण कुणीतरी होता ना? पडला होता पावसात?"

व्हर्लिन चार दिवसांनी परत गेला. यावेळी ड्वेन म्हणाला, लीलंड उजव्या हाताचा, बायबलवर हात ठेवून सांगतो. आणि लगेच विचारलं, "का रे, त्याने काही केलंय का? पोलीस शोधतायत?"

जुलै असा गेला. व्हर्लिन त्या वर्षाची नवी कार्डं करायला बसायचा आणि त्याच्याही नकळत लीलंडचं कार्ड हातात यायचं. एका सकाळी आर्डिस चादरी घेऊन आत आली, तर तो कपाटाच्या आरशासमोर उभा राहून, एक पाय उचलून, आधी एका हाताने आणि मग दुसऱ्या हाताने हवेत चेंडू टाकत होता, आणि प्रत्येक वेळी कार्डाकडे बघत होता.

"दोन्ही हातांनी तो हसतो," व्हर्लिन तिला म्हणाला. "दोन्हीकडून खरा वाटतो. आता तर मला मी कुठल्या हाताचा तेही कळेनासं झालंय."

"तू डोक्याने अधू आहेस, तेवढं मला कळतं." आर्डिसने चादरी पलंगावर टाकल्या आणि त्यांवरच बसली. "हे बघ, सांगू नकोस तिला. डावा असण्याची शक्यता निम्मी तरी आहेच ना? तिला आनंद झालाय, होऊ दे."

"आनंद झालाय म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय?"

व्हर्लिनला ते सांगता येईना. त्याने शब्द शोधला, तो बसला नाही, उचलून बाजूला ठेवला. शेवटी एवढंच म्हणाला, "तिने आईला माफ केलंय या कार्डावरून. आर्डिस, आईला. आणि मी एक बटण दाबलं होतं, चेहरे आतल्या बाजूला यावेत म्हणून. की दाबलं नव्हतं."

आर्डिस त्यानंतर त्या विषयावर बोलली नाही. फक्त दोन दिवसांनी कॉफी ओतताना म्हणाली, "सांगणार असशील तर सामन्याआधी सांग. नंतर गर्दी असते. तिला रडायचं झालं तर जागा हवी."

ऑगस्टचा शेवटचा रविवार उजाडला. मैदानाच्या कडेने गाड्या लागल्या, जाळीवर सॉसेज भाजायचा वास सुटला, कुणीतरी चुन्याच्या रेघा ओढत होतं. कोराली सामन्याच्या तासभर आधीच आली. व्हर्लिन तिला पहिल्या बेसच्या पलीकडे, जिथे शेवटचं बाकडं आहे, तिथे घेऊन गेला आणि रस्ता सपाट करावा तसं सावकाश, एकही खड्डा न चुकवता सगळं सांगितलं. बटण सांगितलं, ए अक्षर सांगितलं, पट्टा, वही, ड्वेन, तळघरातलं पाणी.

कोरालीचा चेहरा आधी नुसता गोंधळला. मग लाल झाला.

"म्हणजे ते उजव्या हाताचे होते?"

"असतील."

"म्हणजे डावखुरे नव्हते?"

"असतीलही."

"तुम्ही माझी थट्टा करताय का?"

"नाही हो."

"मी माझ्या लेकीला सांगितलंय. मी आईच्या कबरीवर जाऊन आले, माहितीये? वीस वर्षांनी गेले. तिला म्हणाले, अगं, मला सांगायचं होतंस." तिचा आवाज फाटला. "आणि तुम्ही चेहरे नीट दिसावेत म्हणून फोटो उलटवत होता?"

"हो."

"असं कोण करतं?"

"मी," व्हर्लिन म्हणाला.

ती उठून कुंपणापर्यंत गेली आणि तारेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मैदानात पोरं चेंडू टाकून अंग मोकळं करत होती. व्हर्लिन बाकावर बसून राहिला. जावं की थांबावं, हे त्याला कळेना, म्हणून तो थांबला. बऱ्याच वेळाने ती परत आली आणि त्याच्याशेजारी नाही, पण त्याच बाकावर बसली.

"तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारलं. "बाकी सगळं सोडा. तुम्हाला स्वतःला."

व्हर्लिनने मैदानातल्या पोरांकडे बघितलं. "सकाळी डावा वाटतो," तो म्हणाला. "जेवण झालं की उजवा. मला माहीत नाही, कोराली."

"मग तसं लिहा मागे. माहीत नाही म्हणून."

"लिहून बघितलं. मागे लिहिता येतं. पण फोटोला माहीत नाही म्हणता येत नाही. तो एकीकडे बघणारच."

त्याने शर्टाच्या खिशातून पातळ कागदात गुंडाळलेलं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. समोर लीलंड ओसेन, चेंडू डाव्या हातात, हसणारा. तिने सवयीने कार्ड उलटवलं. मागे आकडे नव्हते, उंची नव्हती, वजन नव्हतं, शेवटची ओळ नव्हती. मागेही लीलंड ओसेन, चेंडू उजव्या हातात, तसाच हसणारा.

"दोनच केलीत ही," व्हर्लिन म्हणाला. "दुसरं तुमच्या लेकीसाठी. मागची बाजू नसलेली कार्डं मी कधी केली नव्हती. फार अवघड गेलं." मग त्याला वाटलं, एवढ्याने भागणार नाही, म्हणून म्हणाला, "कान मोठे होते त्यांचे. ते आर्डिसला पक्कं आठवतं. ते कसेही उलटवले तरी मोठेच राहतात."

कोरालीच्या तोंडून हसू फुटलं की हुंदका, ते व्हर्लिनला कळलं नाही. तिने केस मागे सारून आपल्या कानाला हात लावला, आणि परत कार्ड उलटवलं. डावा. उजवा. डावा.

"मग याची पुढची बाजू कुठली?" तिने विचारलं.

"तेच तर."

मैदानावर कुणीतरी राष्ट्रगीताची तबकडी लावली. सगळे उठले. व्हर्लिनने टोपी काढून छातीशी धरली. गीत संपलं, पंच ओरडला, पहिला चेंडू पडला. कोरालीने त्याच्याकडे पेन मागितलं. त्याच्या खिशात ते कायम असायचं.

ती बाकावर पाठ वळवून बसली, कार्ड मांडीवर घेतलं, आणि वाकून त्याच्या एका बाजूवर काहीतरी लिहिलं. एक शब्द असावा, फार तर दोन. शाई वाळेपर्यंत तिने त्यावर फुंकर घातली. मग कार्ड पाकिटात ठेवलं, चेन ओढली, आणि पेन परत देऊन खेळ बघायला लागली.

तिने कुठली बाजू निवडली, ते व्हर्लिनला दिसलं नाही. विचारावंसं त्याला फार वाटलं. दुसऱ्या डावात वाटलं, पाचव्या डावात वाटलं. पाचव्या डावात ती म्हणाली, "तुमचा तो पिचर आता दमलाय, काढा त्याला," आणि तो म्हणाला, "मीही तेच बघतोय." आर्डिस वड्यांची बशी घेऊन त्यांच्याकडे येत होती, आणि दोघांचे चेहरे बघून काय झालंय याचा अंदाज तिला लांबून येत नव्हता.